चंद्राचा फोटो नुसता पांढरा गोळा का येतो? कोकणातल्या अंगणातल्या छोट्या दुर्बिणीसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "घर गुहागरच्या बाजूला, समुद्रापासून किलोमीटरभर आत. ११४ मिमी आरशाची, ९०० मिमी फोकल लेंग्थची दुर्बीण आहे. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि तीनपट बार्लो (मोठेपणा वाढवणारं जोडभिंग) मिळाला. डोळ्याला चंद्र सुरेख दिसतो, पण मोबाईल लावला की पांढरा गोळा येतो, नाहीतर सगळंच धूसर. कोजागिरीला पुष्कळ फोटो काढले, एकही धड नाही. मोठी दुर्बीण घेऊ की डीएसएलआर?"

आत्ता दोन्ही घेऊ नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की डोळ्याला चंद्र सुरेख दिसतो. म्हणजे आरसा, आयपीस आणि त्यांची जुळणी निदान कामापुरती ठीक आहे. ११४ मिमीचा आरसा साधारण एक विकला (अंशाचा ३६००वा भाग) इतका बारकावा वेगळा करतो आणि चंद्राच्या अंतरावर एक विकला म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर. तुमच्या आत्ताच्या फोटोंत वीस-तीस किलोमीटरची विवरंही दिसत नसतील, तर दुर्बिणीची ताकद अजून वापरलीच गेलेली नाही. तीच चूक मोठ्या दुर्बिणीत केली तर मोठा पांढरा गोळा मिळेल, एवढंच.

खरा प्रश्न असा आहे की डोळ्याला मिळणारा तपशील फोनपर्यंत पोचताना कुठे गळतो. तो गळतो उजेडाच्या मोजमापात, फोकसमध्ये, हादऱ्यात आणि हवेत. पाचवं कारण तुमच्या प्रश्नातच आहे: कोजागिरी. त्याबद्दल पुढे लिहितो. फोनमध्ये मॅन्युअल (प्रो) मोड आहे का, माउंट (दुर्बीण धरणारा भाग) साधं वर-खाली फिरणारं आहे की ईक्यू (ध्रुवताऱ्याकडे रोखलेल्या अक्षावर फिरणारं), आणि घराच्या कोणत्या बाजूला मोकळं आकाश आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. या तीन गोष्टींवर काही उत्तरं बदलतील, तिथे तसं सांगतो.

आधी उजेड. आपण चंद्राला रात्रीची वस्तू समजतो, आणि फोनही तेच समजतो. तो काळंभोर आकाश बघतो, सगळी चौकट उजळ करायला जातो आणि चंद्र जळतो, म्हणजे पांढराफटक येतो. वास्तविक चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला काळसर दगड आहे. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के परत येतो, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतका. पण ऊन ते ऊनच. दुपारी रस्त्याचा फोटो काढताना जो शटर लागेल, त्याच्या आसपासचाच इथे लागतो. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे: पौर्णिमेच्या चंद्राला एफ/११ वर (एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले भिंगाचा किंवा आरशाचा व्यास) शटर म्हणजे एक भागिले आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता). आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. दुर्बिणीच्या फोकसला थेट कॅमेरा लावला तर तुमची दुर्बीण एफ/८ ची, म्हणून पौर्णिमेला साधारण १/२०० सेकंद.

फोन आयपीसमागे धरला की गणित बदलतं. २५ मिमीच्या आयपीसने मोठेपणा ३६ पट होतो, चंद्र लहान पण खूप उजळ पडतो. १० मिमीने ९० पट, तोच उजेड मोठ्या जागेवर पसरतो. आयएसओ १०० धरून सुरुवातीचे आकडे असे ठेवा: २५ मिमीवर शुद्ध अष्टमीला १/५०० आणि पौर्णिमेला १/३०००, १० मिमीवर अष्टमीला १/१००, पौर्णिमेला १/६००. चतुर्थी-पंचमीच्या कोरीला अष्टमीच्या निम्मा वेग, म्हणजे १० मिमीवर १/५०. फोनच्या भिंगाप्रमाणे यात एखादा टप्पा (दुप्पट किंवा निम्मं) इकडेतिकडे होईल. म्हणून एकाच फोटोवर थांबू नका, आकड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फोटो घ्या. पडद्यावर चंद्र जरा मंद, करडा वाटला तर बरोबर आहे. करडा चंद्र नंतर उजळ करता येतो, पांढरा जळलेला भाग परत आणता येत नाही.

प्रो मोड नसेल तर चंद्राच्या कडेवर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतील, मग शेजारची सूर्याची खूण खाली ओढा. जमतं, पण दर वेळी थोडं वेगळं येतं. प्रो मोड देणारं एखादं कॅमेरा ॲप टाकून घेणं सोयीचं.

फोनमधल्या काही सोयी इथे बंदच ठेवा. नाइट मोड आणि एचडीआर बंद. फ्लॅश बंद. 'सीन ओळखणारी' सोय असेल तर तीही बंद, कारण काही फोन चंद्र ओळखून त्यावर स्वतःच्या मनाने तपशील रंगवतात, आणि मग तुमच्या दुर्बिणीने काय टिपलं हे तुम्हालाच कळत नाही. लेन्स १× चीच निवडा. उजेड कमी-जास्त झाला की दोन-तीन कॅमेऱ्यांचे फोन आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि चंद्र एकदम चौकटीबाहेर जातो. व्हाइट बॅलन्स उन्हाचा, ५२०० ते ५५०० केल्विन. रॉ किंवा डीएनजी स्वरूपात (फोनने फेरफार न केलेलं मूळ चित्र) साठवता आलं तर तसंच साठवा.

दुर्बिणीच्या पुढच्या झाकणाला एक छोटं भोक आणि त्यावर छोटं टोपण असतं. चंद्र फार उजळ म्हणून ते छोटं टोपणच तेवढं काढून फोटो घ्यावा असं बरेच जण सुचवतात. फोटोसाठी ते करू नका. ११४ मिमीचा आरसा त्या भोकाएवढा होतो आणि बारकावा निम्म्याहून खाली येतो. उजेड जास्त असेल तर शटरचा वेग वाढवा, आरसा कमी करू नका. मून फिल्टरचंही तेच: डोळ्याला बरं वाटतं, फोटोला गरज नाही. आणि तो तीनपट बार्लो डब्यातच राहू दे. १० मिमीबरोबर तो २७० पट मोठेपणा देतो, ११४ मिमीच्या आरशाला तो पेलत नाही, आणि संचाबरोबर येणाऱ्या या बार्लोंची भिंगंही बहुधा बेताचीच असतात.

आयपीस कोणता? सुरुवात २५ मिमीने करा. संपूर्ण चंद्र आरामात मावतो, फोन जुळवायला डोळ्यामागचं अंतर ऐसपैस मिळतं. पण तपशिलासाठी १० मिमीच. २५ मिमीवर फोनच्या चौकटीत चंद्र जेमतेम हजार-अकराशे पिक्सेलचा पडतो, म्हणजे एका पिक्सेलला दीड-पावणेदोन विकला. तुमचा आरसा एक विकला देतोय आणि पिक्सेल ती गिळून टाकतोय. १० मिमीवर चंद्र चौकटीची आडवी बाजू जवळजवळ भरतो आणि ही गळती थांबते.

फोन हाताने धरू नका. मोबाईल होल्डर घ्या, तिन्ही बाजूंनी सरकणारा, आयपीसला घट्ट आवळणारा. दुर्बिणीला लावण्याआधी दिवसा, घरातच, आयपीस आणि मोबाईल होल्डरमध्ये बसवून भिंतीकडे धरा आणि पडद्यावर गोल उजळ वर्तुळ मधोमध येईपर्यंत सरकवा. आयपीसमधून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत १० मिमीवर फक्त सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो. लेन्स त्याच्या एका बाजूला गेली की चंद्राची एक कड निळसर आणि दुसरी काळवंडलेली येते. अंतरही महत्त्वाचं: १० मिमीच्या साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसमध्ये डोळा सहा-सात मिलिमीटरवर ठेवावा लागतो, म्हणून रबरी कप दुमडून फोन अगदी जवळ आणा. जाड कव्हर असेल तर ते काढा. फोन आणि होल्डर मिळून तीन-चारशे ग्रॅम नळीच्या तोंडाशी येतात. नळी पुढे झुकत असेल तर कड्या सैल करून ती थोडी मागे सरकवा.

आता फोकस. फोनचा फोकस प्रो मोडमध्ये अनंतावर (डोंगराची खूण) अडकवून टाका आणि यापुढे फक्त दुर्बिणीची चावी फिरवा. फोन आणि दुर्बीण दोघांनीही फोकस शोधायचा ठरवला तर दोघंही भरकटतात. पडदा पूर्ण झूम करा आणि अंधार-उजेडाच्या सीमेवरचं एखादं छोटं विवर बघत चावी फिरवा. नेमकी जागा ओलांडून पुढे जा, परत या, पुन्हा ओलांडा. ती जागा दोन्हीकडून ओलांडल्याशिवाय खात्री होत नाही. छोट्या दुर्बिणींच्या चाव्या जाड्याभरड्या असतात, बोट लागताच चित्र नाचतं. चावीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि चिमट्याचं टोक एका बोटाने हलकेच ढकला. लांब दांडीमुळे चावी केसाएवढी फिरते. या एका चिमट्याने जेवढा फरक पडतो तेवढा नव्या आयपीसने पडत नाही.

हादरा हा छोट्या दुर्बिणींचा सगळ्यात मोठा शत्रू, कारण विकणारा आरसा चांगला देतो आणि तिपाई कच्ची. परीक्षा सोपी आहे: नळीला हलकी टिचकी मारा आणि चित्र स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनाच्या आत ठीक. पाच-सहा लागत असतील तर तिपाईचे पाय पूर्ण आत घ्या, बसून फोटो काढा आणि मधल्या ट्रेला पाण्याची भरलेली पाच लिटरची कॅन टांगा, जमिनीला जेमतेम टेकेल अशी, म्हणजे ती झोके घेणार नाही. फोटो टायमरनेच, दोन नव्हे तर पाच सेकंदांच्या, किंवा हेडफोनच्या बटणाने. चंद्र स्वतः सरकतो त्याची काळजी करू नका. तो सेकंदाला साधारण १५ विकला सरकतो, म्हणजे १/१०० सेकंदात विकलेच्या सातव्या भागाइतकाच. शटर १/३० पेक्षा संथ झालं तरच सरकण्याचा विचार करायचा.

ईक्यू माउंट असेल तर तुमच्याकडे त्याचा अक्ष जेमतेम साडेसतरा अंश वर करायचा असतो, कारण तेवढाच अक्षांश. इतक्या कमी कोनात वजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. म्हणून एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेला ठेवा, दांडा मधल्या मोकळ्या जागेत फिरेल. माउंट नीट लावलं की एकच चावी फिरवून चंद्र चौकटीत ठेवता येतो. साध्या माउंटवर चंद्र चौकटीच्या पूर्वेच्या कडेला आणून सोडून द्या, तो स्वतःच मध्यावर येईल. तोवर हादराही थांबलेला असतो.

आरशांची जुळणी, म्हणजे कोलिमेशन, एकदा तपासा. चंद्र पाहताना त्यातली चूक चटकन कळत नाही, फोटोत मात्र एका बाजूची विवरं ओघळल्यासारखी दिसतात. १० मिमीच्या आयपीसमध्ये एखादा तेजस्वी तारा अगदी मधोमध घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. वर्तुळात वर्तुळं दिसतील. ती एककेंद्री असली की झालं. एका बाजूला दाटली असतील तर मुख्य आरशामागचे स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याइतकेच फिरवा आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यावर आणून बघा. ध्रुवतारा सरकत नाही म्हणून यासाठी त्याची शिफारस होते, पण कोकणातून तो क्षितिजापासून फक्त सतरा-अठरा अंशांवर असतो आणि तिथली हवा नेहमी थरथरते. डोक्याजवळचा तारा घ्या, थोडा सरकला तर सरकला.

हवेचा भाग जरा निवांत समजून घ्यायला हवा, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला इथे तोटा आहे तसा फायदाही आहे. तोटा ओलाव्याचा. फायदा असा की समुद्राचं पाणी दिवसा फार तापत नाही, रात्री फार निवत नाही, त्यामुळे त्यावरून येणारी हवा डोंगर-घाटांवरून येणाऱ्या हवेपेक्षा बरेचदा सरळ वाहते. तिला बिघडवतो तो आपल्याच घराचा परिसर. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्री दहापर्यंत ते सोडत राहते. जांभ्याची भिंत, पत्र्याची पडवी, डांबरी रस्ता, सगळे तेच करतात. कौलारू छपरावरून दिसणारा चंद्र तर हमखास थरथरतो, कारण खोलीतली गरम हवा कौलांच्या फटींतून वर जात असते. म्हणून गच्ची सोडा. मातीचं किंवा सारवलेलं खळं, गवत, नाहीतर वाडीतली मोकळी जागा घ्या. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर तर नकोच, घरात कोणी चाललं तरी चित्र हलतं. पुळणीवर जायची हौस असेल तर तिपाईच्या प्रत्येक पायाखाली चिऱ्याचा तुकडा किंवा प्लायवूड ठेवा, नाहीतर दर मिनिटाला पाय खचेल. तरी माझं मत विचाराल तर पुळण टाळाच: वाळू गिअरमध्ये जाते, खारं तुषार आरशावर बसतं.

शुद्ध पक्षातला चंद्र संध्याकाळी पश्चिमेकडे, म्हणजे तुमच्याकडे समुद्राकडे कलत असतो. तेव्हा दुर्बीण घराच्या पश्चिमेला लावा, घर पाठीशी. तुमच्या आणि चंद्राच्या मध्ये छप्पर येत नाही, वाडी आणि त्यापलीकडे समुद्र येतो. माडाच्या झावळ्या मध्ये येणार असतील तर वेळ बदला. झावळीआडून घेतलेला फोटो वाया जातो, मग ती झावळी चित्रात दिसो न दिसो.

वेळेचं म्हणाल तर अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास जवळजवळ सर्वांत वर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. संध्याकाळी खारा वारा पडतो आणि मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) नीट सुरू व्हायच्या आधी बरेचदा तास-दीड तास हवा पडून असते. हिवाळ्यात साडेसात ते नऊ हा काळ म्हणून मला सर्वांत भरवशाचा वाटतो. चंद्र तेव्हा ४५ ते ७० अंशांवर असतो. चाळीस अंशांच्या खाली गेला की तपशिलाचा नाद सोडा. तीस अंशांवर उजेडाला डोक्यावरच्या दुप्पट हवेतून यावं लागतं. माघ-फाल्गुन-चैत्रात अष्टमीचा चंद्र कोकणात पार डोक्यावर येतो. तेव्हा साध्या माउंटवर नळी तिपाईला अडते, म्हणून तो थोडा पश्चिमेला झुकेपर्यंत थांबा. उजेड असताना दुर्बीण बाहेर ठेवणार असाल तर सूर्य पूर्ण मावळेपर्यंत पुढचं झाकण आणि शोधक दुर्बिणीचं झाकण काढू नका.

दुर्बीण अर्धा ते पाऊण तास आधी बाहेर काढा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेशी जुळेल. ती एसी खोलीत ठेवत असाल तर मात्र सावध. थंड आरसा कोकणातल्या दमट हवेत आणला की त्यावर क्षणात पाणी धरतं आणि तो धूसर फोटोंचा उगम असू शकतो. तुमचे 'सगळंच धूसर' फोटो एसीतून काढलेल्या दुर्बिणीचे आहेत का, हे आधी बघा. हवा कशी आहे हे ओळखायला १० मिमीमधून चंद्राची कड बघा. कड उकळल्यासारखी थरथरत असेल तर त्या रात्री २५ मिमीवरच पूर्ण चंद्राचे फोटो घ्या, जास्त मोठेपणाच्या मागे लागू नका.

आता कोजागिरी. पौर्णिमेला सूर्य चंद्रावर आपल्या पाठीमागून, समोरासमोर पडतो. सावलीच नाही, म्हणून खोली नाही. डोंगर, विवर, सपाट मैदान, सगळं एकाच पांढऱ्यात विरतं. शिवाय पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, जवळजवळ दहापट उजळ असतो, त्यामुळे फोटो जळण्याचा धोकाही तेव्हाच सर्वांत जास्त. तुम्ही महिन्यातली सर्वांत अवघड रात्र निवडली होती. पौर्णिमेला काढण्यासारखं एकच आहे: टायको विवरापासून चहूकडे पसरलेले पांढरे पट्टे.

तपशील दिसतो तो अंधार-उजेडाच्या सीमेवर, जिथे सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि सावल्या लांब पडतात. आणि ही सीमा कुठे असेल हे भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी सांगते. एक तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्याचा काळ, आणि तेवढ्यात सीमाही चंद्रावर १२ अंश सरकते. तेव्हा तिथी बघून कोणतं विवर सीमेवर येणार हे आधीच ठरवता येतं. फक्त कॅलेंडरातली तिथी सूर्योदयाची असते. ती किती वाजता संपते तेही बघा, संध्याकाळी बहुधा पुढची लागलेली असते.

संध्याकाळची तिथी धरून सांगतो. षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना या तीन विवरांची रांग. पहिल्यातलं मधलं शिखर तुमच्या दुर्बिणीत स्वच्छ यायला हवं, फोकस तपासायला यासारखी जागा नाही. अष्टमीला मध्यावर टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाशेल एकाखाली एक, आणि उत्तरेला ॲपेनाइन पर्वतरांग. नवमीला प्लेटो विवराचा काळा सपाट तळ, दक्षिणेला टायको, त्याच्याही खाली क्लेव्हियस: सव्वादोनशे किलोमीटरहून मोठं विवर आणि त्याच्या पोटात लहान होत जाणाऱ्या विवरांची कमान. त्या कमानीतली किती मोजता येतात यावरून फोटोचा कस ठरवा. त्याच सुमाराला 'सरळ भिंत' म्हणून ओळखला जाणारा ११० किलोमीटरचा कडा बारीक काळ्या रेघेसारखा उमटतो. दशमीला ९३ किलोमीटरचं कोपर्निकस, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींसकट. एकादशीला इंद्रधनुष्याचं आखात: आतला भाग अंधारात आणि भोवतालच्या जुरा पर्वताची शिखरं उजळलेली. चंद्र किंचित डोलत असतो, म्हणून यात अर्ध्या-पाऊण दिवसाचा फरक पडू शकतो. सीमा तासाला अर्धा अंश सरकते, त्यामुळे सात वाजता आणि दहा वाजता घेतलेल्या फोटोंत सावल्या वेगळ्या दिसतात. दोन्ही घ्या.

चांद्रयान-३ जिथे उतरलं ती जागाही मुलांना दाखवता येते, यान अर्थातच दिसणार नाही. षष्ठी-सप्तमीला चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ मॅन्झिनस हे सुमारे १०० किलोमीटरचं विवर शोधा. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला तो त्याच परिसरात, ६९ अंश दक्षिणेला. दक्षिण टोक आपल्याकडे झुकलेलं असेल त्या महिन्यात ते सोपं जातं. तुमच्या दुर्बिणीत चित्र उलटं, म्हणजे १८० अंश फिरलेलं दिसतं. नकाशाशी ताडून पाहण्याआधी फोटो फिरवून घ्या.

एक फोटो चांगला येणं नशिबाचं काम आहे, कारण हवा सतत हलते. यावर उपाय व्हिडिओ. १० मिमीवर एक्स्पोजर आणि फोकस लॉक करून, फोन देईल त्या सर्वांत मोठ्या आकारात मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर १८०० चित्रं मिळतात. त्यातली बरीचशी हवेने बिघडवलेली, काही मात्र क्षणभर स्वच्छ. 'पिप' या मोफत प्रोग्रॅमने व्हिडिओ उघडून चंद्र मध्यावर आणा, 'ऑटोस्टॅकर्ट'मध्ये चांगल्यातली चांगली १० ते १५ टक्के चित्रं निवडून एकावर एक रचा, मग 'रेजिस्टॅक्स'मधल्या वेव्हलेट या सोयीने धार वाढवा. १५ टक्के म्हणजे २७० चित्रं, आणि २७० चित्रांच्या सरासरीत दाणेदारपणा सुमारे सोळा पट कमी होतो. म्हणूनच धार वाढवायला वाव मिळतो. एकट्या फोटोवर तीच धार लावली तर नुसते दाणे वर येतात. संगणक नसेल तर लागोपाठ चाळीस-पन्नास फोटो घ्या आणि क्लेव्हियस सर्वांत स्वच्छ असलेला एक ठेवा, बाकीचे पुसा. धार वाढवताना चंद्राच्या कडेला पांढरी किनार आणि तिच्याबाहेर काळी रेघ दिसू लागली की दोन पावलं मागे या.

डीएसएलआरचं उत्तर आता देता येईल. तुमच्या दुर्बिणीच्या फोकसला चंद्राची प्रतिमा साधारण आठ मिलिमीटरची पडते, म्हणजे नेहमीच्या डीएसएलआरमधल्या एपीएस-सी सेन्सरच्या पंधरा मिलिमीटर उंचीच्या निम्मी. मावते छान, पण छोट्या न्यूटनियन (तुमच्यासारख्या आरशाच्या) दुर्बिणींत अडचण वेगळीच येते: कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तोंडापासून ४४-४६ मिलिमीटर आत असतो, टी-रिंगसकट (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ५५, आणि फोकसर (आयपीस धरून आत-बाहेर सरकणारी नळी) तेवढा आत जातच नाही. चित्र कधीच नीट होत नाही आणि माणूस दुर्बिणीला दोष देतो. चांगला दोनपट बार्लो लावला की फोकस बाहेर सरकतो आणि हे सुटतं. मग चंद्र सोळा मिलिमीटरचा होतो, उंचीत किंचित मावत नाही, दोन फोटो जोडावे लागतात. शिवाय अर्ध्या किलोच्या कॅमेऱ्याने प्लास्टिकचा फोकसर खाली झुकतो. घरात डीएसएलआर आधीच असेल तर टी-रिंग आणि बार्लो घेऊन करून बघा. नसेल तर चंद्रासाठी मुद्दाम घेऊ नका. वरचं सगळं जमल्यावर पुढचं पाऊल हवंच असेल तर आयपीसच्या जागी बसणारा, यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा छोटा ग्रहांचा कॅमेरा घ्या. २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा तुमच्या ९०० मिमीवर एका पिक्सेलला विकलेचा दोन तृतीयांश भाग देतो, म्हणजे आरशाच्या ताकदीशी बऱ्यापैकी जुळणारा. त्यात पूर्ण चंद्र मावत नाही, पण सीमेवरच्या विवरांसाठी फोनपेक्षा कितीतरी सरस. त्याआधी पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिपाईवर करा.

शेवटी ओल आणि मीठ. हिवाळ्यात आठ-नऊ वाजल्यापासून दव पडू लागतं. तुमचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने तो वाचतो, छोटा आरसा आणि आयपीस मात्र ओले होतात. योगाच्या चटईचा किंवा काळ्या फोमचा तुकडा नळीच्या तोंडाभोवती गुंडाळून वीस सेंटिमीटर पुढे काढा. आयपीस वापरात नसताना खिशात ठेवा. दव आलंच तर पुसू नका, हेअर ड्रायरची मंद ऊब लांबून द्या. आत आणल्यावर झाकणं लगेच लावू नका, कोरडी झाल्यावर लावा. खाडीकाठी पहाटे धुकं असतं, तेव्हा वद्य पक्षातल्या चंद्रासाठी थोडं उंच सड्यावर (कातळाच्या पठारावर) जावं लागतं.

आगोटीची (पावसाळ्याआधीच्या तयारीची) कामं करताना दुर्बीणही त्यात धरा. आयपीस आणि होल्डर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह. संचाबरोबर आलेला स्पंजाचा खण वापरू नका, तो ओल धरतो आणि भिंगांवर बुरशी येते. नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणं, आत कापडी पुडीत सिलिका जेल, आणि सगळं मोठ्या प्लास्टिक पिशवीत बांधून लाकडी कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीला न टेकवता. निळे मणी गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा. निळ्यांत कोबाल्ट असतं, म्हणून त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं नको. नारिंगी मणी मिळाले तर तेच घ्या.

आरशावर नुसती धूळ असेल तर हात लावू नका, फोटोत ती दिसत नाही. मिठाचा पांढुरका थर दिसला तर मात्र ठेवू नका, तो ॲल्युमिनियमचा लेप खातो. आरसा बैठकीसकट काढा, आधी साध्या पाण्याची हलकी धार सोडा, मग द्रव साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजलेला कापूस स्वतःच्या वजनाने फिरवा, दाब देऊ नका. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन उभा कलता ठेवून वाळू द्या. परत बसवल्यावर कोलिमेशन पुन्हा करावं लागेल, आणि ते वर सांगितल्याप्रमाणे ताऱ्यावरच तपासा.